जर्मनीत भाड्याचे घर : टंचाईच्या काळातील नवागतांसाठी

जर्मनी हा मुख्यतः भाडेकरूंचा देश आहे. तेथील निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात, आणि युरोपीय संघातील कोणत्याही देशात हे प्रमाण इतके मोठे नाही. भाड्याने राहणे ही तेथे घर विकत घेईपर्यंतची तडजोड नसून अनेक कुटुंबांची जन्मभराची रीत असल्यामुळे भाडेकरूच्या संरक्षणाचे नियम देशाच्या दिवाणी संहितेतच सविस्तर घातलेले आहेत. घरमालकाला मनात आले म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, भाडे हवे तेव्हा हवे तितके वाढवता येत नाही आणि अनामत रक्कमही मर्जीप्रमाणे मागता येत नाही. मात्र हे सारे संरक्षण करारावर सही झाल्यानंतरचे आहे. सही होण्यापूर्वी, आलेल्या ढीगभर अर्जांतून एकाची निवड करताना, घरमालकाला बरीच मोकळीक असते. परदेशातून आलेल्या माणसाची अडचण नेमकी या उंबरठ्यावरची आहे, आणि तो ओलांडण्याच्या घाईत आतल्या हक्कांवर पाणी सोडले जाण्याचा धोकाही येथेच सर्वाधिक असतो. म्हणून घर कसे मिळवावे या प्रश्नाइतकाच, घर मिळवताना काय सोडू नये, हा प्रश्नही नवागताने पहिल्या दिवसापासून मनाशी ठेवणे आवश्यक ठरते.

सध्याच्या टंचाईचे स्वरूप समजून घेतल्यास शोधाची दिशा ठरवणे सोपे जाते. २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या केंद्र सरकारने दरवर्षी ४ लाख नवी घरे बांधण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. प्रत्यक्षात २०२२ आणि २०२३ मध्ये प्रत्येकी सुमारे २ लाख ९५ हजार आणि २०२४ मध्ये सुमारे २ लाख ५२ हजार घरे पूर्ण झाली. २०२२ पासून वाढलेले व्याजदर आणि बांधकाम साहित्याच्या चढ्या किमती यांमुळे अनेक प्रकल्प कागदावरच राहिले. याहूनही महत्त्वाचे, पण बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात न येणारे कारण असे की, जुन्या करारांची भाडी नव्या करारांच्या तुलनेत फार कमी असल्यामुळे ज्याच्याकडे घर आहे तो ते सोडतच नाही. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या चार खोल्यांतून दोन खोल्यांत जायचे म्हटले, तरी नव्या दोन खोल्यांचे भाडे जुन्या चार खोल्यांपेक्षा अधिक पडू शकते. त्यामुळे बाजारात येणारी घरे मुळातच मोजकी असतात आणि त्या मोजक्या घरांसाठीच सगळ्या नवागतांची झुंबड उडते.

या नवागतांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय विद्यार्थी आता पहिल्या क्रमांकावर असून २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या सुमारे ४९ हजार होती. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे आहेत, आणि वाहन उद्योगाच्या निमित्ताने पुणे परिसरातून श्टुटगार्टकडे जाणाऱ्या अभियंत्यांचीही परंपरा जुनी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यामुळे ही वाट अधिकच रुंद होण्याची चिन्हे आहेत. नोकरीचा करार आणि व्हिसा हातात आला की निम्मे काम झाले, असा समज या मंडळींत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात घराच्या शोधाला वेळ, पैसा आणि तयारी या तिन्ही बाबतींत तितकेच महत्त्व द्यावे लागते.

जाहिरात वाचण्यापासूनच सावधगिरी हवी. तेथे खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरले जात नाही, त्यामुळे जाहिरातीतील दोन खोल्यांचे घर म्हणजे आपल्याकडील वन बीएचके होय. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते आणि एक चौरस मीटर म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट. भाड्याचे दोन आकडे दिलेले असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे केवळ जागेचे मूळ भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात ‘नेबेनकोस्टन’, अर्थात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा घर तापवण्याचा खर्च, यांची मासिक आगाऊ रक्कम मिळवून होणारे भाडे. विजेचे आणि इंटरनेटचे करार बहुतेक वेळा भाडेकरूने स्वतंत्रपणे करायचे असतात. उदाहरणादाखल, ५५ चौरस मीटरच्या घराचे मूळ भाडे ९०० युरो आणि आगाऊ खर्च १८० युरो असेल, तर दरमहा १,०८० युरो मोजावे लागतील, परंतु अनामत रक्कम मात्र ९०० च्याच हिशेबाने ठरेल. हा फरक ठाऊक नसल्यामुळे मूळ भाड्यावर अंदाजपत्रक बसवणाऱ्यांची पहिल्याच महिन्यात ओढाताण होते. कित्येक घरमालक निव्वळ उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक भाडे असलेल्या अर्जदाराला बाजूला ठेवतात. हा कायदा नसून प्रघात आहे, तरी आपला अर्ज कोणत्या भाड्याच्या घरासाठी टिकेल हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

भारतातून निघण्यापूर्वीच कायमचे घर पक्के करावे, असा मोह अनेकांना होतो. तो टाळणेच हिताचे आहे. घर न पाहता आणि घरमालकाला न भेटता होणारा व्यवहार जर्मनीत अपवादात्मक आहे, त्यामुळे दूरवरून सहज मिळणारे घर संशयास्पद मानावे. त्याऐवजी पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी सुसज्ज खोली, नोकरी देणाऱ्या संस्थेने दिलेली तात्पुरती जागा किंवा ‘त्स्विशेनमीटे’, म्हणजे मूळ भाडेकरू काही काळ बाहेरगावी गेल्यामुळे तेवढ्यापुरती रिकामी झालेली जागा, घ्यावी. विद्यार्थ्यांनी प्रवेश निश्चित होताच ‘श्टुडिरेन्डनवेर्क’ या विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा, कारण तेथील भाडे बाजारापेक्षा बरेच कमी असले तरी प्रतीक्षायादी कधी कधी पुढच्या सत्रापर्यंत लांबते. एकाच घरातील खोल्या अनेकांनी वाटून घेण्याची ‘वेगे’ ही पद्धत तरुणांत सर्वमान्य आहे. तेथे घरमालकापेक्षा आधीपासून राहणाऱ्या सोबत्यांची पसंती महत्त्वाची ठरते.

ही तात्पुरती जागा निवडताना एक प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे: या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची पालिकेच्या कार्यालयातील नोंदणी. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची लेखी पुष्टी जोडावी लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही. या नोंदणीनंतरच कर-क्रमांक टपालाने येतो, आणि तो वेळेवर न मिळाल्यास पगारातून अधिक कर कापला जाण्याची शक्यता असते. निवास परवान्याचे काम आणि अनेक बँकांतील खातेही याच कागदावर अडते. नोंदणीची परवानगी न देणाऱ्या स्वस्त खोलीत पैसे वाचतात खरे, पण पुढची सगळी साखळी तुटते. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायला आठवडे लागू शकतात, म्हणून जागा ठरताच वेळ आरक्षित करावी.

कायमच्या घराचा शोध सुरू करताना कागदांचा संच आधी सिद्ध असावा, कारण चांगल्या घराची जाहिरात सकाळी येते आणि दुपारपर्यंत काढूनही टाकली जाते. घरमालकाला मुख्यतः एकाच गोष्टीची खात्री हवी असते, ती म्हणजे भाडे दरमहा वेळेवर येईल. स्थानिक अर्जदार ही खात्री ‘शुफा’च्या अहवालाने देतो. शुफा ही खासगी पतमापन संस्था असून तिचे काम साधारणपणे आपल्याकडील सिबिलसारखे आहे. देशात नुकत्याच आलेल्या माणसाची तेथे काहीच नोंद नसते; ती नसणे म्हणजे पत वाईट असणे नव्हे, पण घरमालकाला हे आपण होऊन सांगावे लागते आणि उणीव इतर कागदांनी भरून काढावी लागते. नोकरीचा करार, असल्यास शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेतील शिल्लक, निवास परवाना, आधीच्या घरमालकाने भाडे थकलेले नसल्याचे दिलेले पत्र आणि त्याचे जर्मन भाषांतर, आणि नोकरी कायमस्वरूपी असल्याचे कंपनीचे दोन ओळींचे पत्र, एवढा ऐवज एकाच फाइलमध्ये क्रमाने लावलेला असावा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत व्हिसासाठी उघडलेले गोठीव खाते, ज्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, उत्पन्नाचा पुरावा म्हणून दाखवता येते. जर्मनीत नोकरी करणारा नातेवाईक किंवा परिचित जामीन राहण्यास तयार असेल तर त्याचे लेखी हमीपत्र अर्जाचे वजन फारच वाढवते.

पहिल्या संपर्काचा मजकूर लहान आणि जर्मन भाषेत असावा. आपण कोण, कोणत्या कामावर, घरात किती जण राहणार, निव्वळ मासिक उत्पन्न किती, केव्हापासून राहायला येऊ शकतो आणि कोणत्या दिवशी घर पाहायला येता येईल, इतकेच त्यात असावे. सगळ्या जाहिरातींना तोच ठोकळेबाज मजकूर पाठवण्यापेक्षा त्या विशिष्ट घराबद्दलचे एखादे वाक्य त्यात घालणे अधिक परिणामकारक ठरते. संवेदनशील कागदपत्रे मात्र या टप्प्यावर पाठवू नयेत. घर पाहून अर्ज करायचे ठरल्यानंतर ती द्यावीत, आणि पारपत्राची प्रत द्यावीच लागली तर अनावश्यक तपशील झाकून द्यावी. घर पाहण्याच्या वेळी जिन्यापर्यंत रांग लागलेली दिसली तरी खचून जाण्याचे कारण नाही. वेळेच्या आधी पाच मिनिटे पोहोचणे, बूट काढावेत का हे विचारणे, भरलेला अर्ज तेथेच हातात देणे आणि त्याच संध्याकाळी आभाराचा निरोप पाठवणे या गोष्टी लहान असल्या तरी निवड करणारा माणूस त्यांची नोंद घेतो.

अर्जात काय विचारता येते यालाही मर्यादा आहेत. उत्पन्न, नोकरी, राहणाऱ्यांची संख्या हे प्रश्न रास्त आहेत. धर्म, राजकीय मत, गर्भधारणा किंवा मूल होण्याचा विचार हे प्रश्न घरमालकाच्या अधिकारात येत नाहीत. २००६ च्या समान वागणूक कायद्यानुसार वंश किंवा वांशिक मूळ पाहून घर नाकारणे बेकायदा आहे. असे असूनही परकी नावे असलेल्या अर्जांना उत्तरे कमी येतात, हा अनुभव जर्मनीत सार्वत्रिक आहे आणि तो अन्यायच आहे. तो सहन करण्याची सवय लावून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एकाच जाहिरातीला परक्या नावाने नकार आणि जर्मन नावाने होकार मिळाल्याचे लेखी पुरावे असल्यास भरपाईचा दावा करता येतो, पण तो दोन महिन्यांच्या आत मांडावा लागतो. केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयात याबाबत विनामूल्य सल्ला मिळतो.

टंचाई जितकी तीव्र, तितकी फसवणुकीला भूमी सुपीक. फसवणुकीचे नमुने ठरावीक आहेत. मध्यवस्तीतील प्रशस्त घर बाजारापेक्षा बरेच स्वस्त असते, मालक कामानिमित्त परदेशी असल्याचे सांगतो, किल्ली कुरिअरने येणार असते आणि त्याआधी अनामत रक्कम पाठवायची असते. किंवा एखाद्या प्रसिद्ध बुकिंग सेवेच्या पानासारखे दिसणारे बनावट पान भरायला सांगितले जाते. अलीकडचा अधिक घातक प्रकार म्हणजे ‘ओळख पडताळणी’च्या नावाखाली व्हिडिओ कॉल करायला लावून त्या माणसाच्या नावावर परस्पर बँक खाते उघडणे. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हातात आल्याशिवाय एक युरोही देऊ नये, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. स्वतः जाणे शक्य नसेल तर त्या शहरातील परिचिताला पाठवावे. जवळपास प्रत्येक मोठ्या जर्मन शहरात मराठी कुटुंबे आहेत आणि अशा कामाला नाही म्हणणारे फार थोडे असतात. दलालाच्या बाबतीतही नियम स्पष्ट आहे: १ जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे शुल्क द्यायचे असते. घरमालकाच्या दलालाने भाडेकरूकडे पैसे मागितले, मग ते ‘पाहणी शुल्क’ असो की ‘राखीव रक्कम’, तर ते देणे लागत नाही.

करार हातात येतो तेव्हा आनंदाच्या भरात तो न वाचताच सही करण्याकडे कल असतो, आणि नेमका हाच क्षण सर्वाधिक सावधगिरीचा आहे. महाराष्ट्रातील अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची सवय असलेल्या माणसाला मुदतबंद करार स्वाभाविक वाटतो. जर्मनीत मात्र बेमुदत करार हाच नियम आहे. मुदत घालायची असेल तर घरमालकाला स्वतः राहायला येणे, मोठी दुरुस्ती करणे किंवा आपल्या कर्मचाऱ्याला जागा देणे यांपैकी एखादे कारण करार करतानाच लेखी नमूद करावे लागते. ते नसल्यास करार बेमुदत मानला जातो. ‘तात्पुरत्या वापरासाठी’ दिलेल्या सुसज्ज जागांना मात्र यातील बरेचसे संरक्षण लागू होत नाही, आणि अनेक मालक चढ्या भाड्यासाठी हीच वाट धरतात. दोन महिन्यांपुरती अशी जागा घेणे ठीक. वर्षानुवर्षे तिचेच नूतनीकरण करत राहणे म्हणजे कायद्याच्या छपराबाहेर राहणे होय.

अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. वरील उदाहरणात कमाल अनामत २,७०० युरो होईल आणि पहिला ९०० युरोंचा हप्ता भाडेकराराच्या आरंभी द्यावा लागेल. घरमालकाने ही रक्कम आपल्या पैशापासून वेगळ्या खात्यात ठेवायची असते. भाडेवाढ कशी होणार हेही करारातच पाहावे: ‘श्टाफेलमीटे’त वाढीचे टप्पे आधीच ठरलेले असतात, ‘इंडेक्समीटे’त भाडे महागाई निर्देशांकाशी बांधलेले असते, आणि या दोन्ही नसल्यास वाढ परिसरातील प्रचलित भाड्यापर्यंतच, तीन वर्षांत २० टक्क्यांच्या आणि टंचाईग्रस्त भागांत १५ टक्क्यांच्या मर्यादेत करता येते. महागाई अचानक वाढली की इंडेक्समीटे किती जड जाते, हे २०२२ नंतर अनेकांनी अनुभवले आहे. ठरावीक काळ घर न सोडण्याचे कलमही शोधावे. ते चार वर्षांपर्यंत वैध असू शकते, आणि नोकरीचा परीक्षाकाल अजून संपायचा असेल तर असे कलम स्वीकारणे धोक्याचे आहे.

मूळ भाडेच अवाजवी वाटले तर काय करावे, याचे उत्तर ‘मीटप्राइसब्रेम्से’ या तरतुदीत आहे. २०१५ मध्ये आलेली आणि २०२९ अखेरपर्यंत वाढवलेली ही तरतूद राज्य सरकारांनी टंचाईग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागांत नव्या कराराचे भाडे परिसरातील प्रचलित भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक ठेवण्यास मनाई करते. प्रचलित भाडे ‘मीटश्पीगेल’ या पालिकेच्या भाडेतक्त्यावरून कळते, ज्यात घराचे वय, आकार, वस्ती आणि सोयी यांनुसार आकडे दिलेले असतात. १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरे या मर्यादेतून वगळलेली आहेत, तसेच आधीच्या भाडेकरूचे भाडे मर्यादेहून जास्त असल्यास तेवढे घेण्याची मुभा आहे. येथे नवागताच्या दृष्टीने मोलाची बाब अशी की, मर्यादेवर बोट ठेवण्याची वेळ सही करण्याआधीची नसून नंतरची आहे. घर पाहायला आलेला अर्जदार भाड्यावर वाद घालू लागला तर दुसऱ्याची निवड होईल. परंतु करार झाल्यावर लेखी हरकत घेता येते, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या करारात ती पहिल्या तीस महिन्यांत घेतल्यास जादा घेतलेले भाडे आरंभापासून परत मागता येते. अशी हरकत घेतली म्हणून घर रिकामे करायला सांगता येत नाही. तरीही हे काम एकट्याने न करता स्थानिक भाडेकरू संघटनेचे सदस्य होऊन करावे. वर्षाला १०० युरोच्या आसपासच्या वर्गणीत तेथील वकील करार तपासून देतात आणि पत्रेही लिहून देतात.

शहराच्या मध्यातच घर हवे हा आग्रह सोडला तर शोधाचे क्षेत्र एकदम मोठे होते. श्टुटगार्टमध्ये काम करणाऱ्याने एस्लिंगन, लुडविग्सबुर्ग किंवा ब्योब्लिंगनकडे, म्युनिकमध्ये काम करणाऱ्याने डाखाउ किंवा फ्रायसिंगकडे पाहावे. लोकल गाड्यांनी जोडलेली ही गावे रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात आहेत. सहकारी गृहसंस्था आणि पालिकांच्या मालकीच्या गृहकंपन्या यांची भाडी माफक असतात, पण त्यांच्या याद्या लांब असल्यामुळे पहिल्याच वर्षी नाव नोंदवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

किल्ल्या हातात घेताना हस्तांतराचा लेखी तपशील तयार करणे हे कंटाळवाणे वाटले तरी पुढे हजारो युरो वाचवणारे काम आहे. प्रत्येक खोलीच्या भिंती, जमीन, खिडक्यांच्या चौकटी यांवरील जुने डाग आणि ओरखडे, न्हाणीघरातील फरशांच्या फटी, पाणी व वीज यांच्या मीटरवरील आकडे, उष्णतायंत्रावर बसवलेल्या छोट्या मोजणीपेटीचा आकडा आणि किल्ल्यांची संख्या त्यात लिहून दोघांनी सही करावी, आणि दिनांकासह छायाचित्रे काढून ठेवावीत. घरात स्वयंपाकघर आहे की नाही, हेही गृहीत धरू नये. कित्येक घरांत ओटा, कपाटे, चूल यांपैकी काहीच नसते. भिंतीतून आलेली पाण्याची आणि विजेची जोडणी तेवढी असते. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर विकत देऊ करतो तेव्हा किंमत वस्तूच्या वयाशी जुळते का ते पाहावे, कारण मूल्याशी विसंगत अशी अवाच्या सवा रक्कम मागणे कायद्याला मान्य नाही.

राहू लागल्यावर सर्वाधिक वाद बुरशीवरून होतात. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून फोडण्या, उकळते पाणी आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांची वाफ कोंडली की थंड भिंतीवर ती जमते, काळे ठिपके उठतात आणि घरमालक दोष भाडेकरूवर टाकतो. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याने भिंत थंड पडते आणि इंधनही वाया जाते. त्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडून पुन्हा बंद करण्याची तेथील पद्धत अंगी बाणवावी. वर्षाअखेरीस आगाऊ खर्चाचा हिशेब येतो. घरमालकाने तो हिशेबाचा काळ संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचा असतो, आणि त्यानंतर सहसा थकबाकी मागता येत नाही.

घर सोडताना भाडेकरूची सूचना-मुदत तीन महिन्यांची असते. सूचना महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडली तरच तो महिना मोजला जातो, आणि ती स्वहस्ते सही केलेल्या कागदावरच वैध ठरते; ईमेल चालत नाही. अनामत रक्कम परत करण्यासाठी घरमालक हिशेबापुरता रास्त काळ, बहुधा तीन ते सहा महिने, घेऊ शकतो. म्हणून कायमचे भारतात परतणाऱ्याने पत्त्याची नोंदणी रद्द करून घेतली तरी जर्मन बँकेतील खाते ती रक्कम जमा होईपर्यंत चालू ठेवावे, आणि घरमालकाला त्या खात्याचा क्रमांक व भारतातील पत्ता हस्तांतराच्या कागदावरच लिहून द्यावा.